चेहऱ्याआधी हात

या चित्रातल्या बाईचा चेहरा सापडायला थोडा वेळ लागतो. आधी दिसतो तिचा गुडघा. मग भरदार पाय, वाकलेली पाठ, आणि या सगळ्याच्या मधोमध घट्ट दाबून धरलेलं एक मूल. मुलाचं डोकं मागे कललेलं आहे, चेहऱ्यावर उजेड आहे. बाईच्या अंगावर कपडा नाही. ती मांडी घालून बसली आहे आणि तिने आपलं तोंड मुलाच्या छातीत खुपसलं आहे. चेहरा आहे तो तिथे, काही सावलीत, काही मुलाच्या अंगात. ती रडतेय की नाही हे कळायला मार्ग नाही.

केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीने हे एचिंग १९०३ साली केलं. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात बुडवायचा. सुईने जिथे थर खरवडलाय तिथला धातू आम्ल खातं. त्या खाचांमध्ये शाई भरायची आणि कागदावर छाप घ्यायचा. म्हणजे मुळात ते रेखाटनच, फक्त पेन्सिलीच्या जागी सुई. चित्र साधारण दीड फुटाचं आहे. मी ते आजवर फोनवरच पाहिलंय, दोन बोटांनी मोठं करत करत.

चित्राचं नाव आहे ‘मृत मूल घेतलेली बाई’. जर्मन शीर्षकात ‘आई’ हा शब्द नाही, ‘बाई’ आहे. आई आपण म्हणतो. चित्र बघायला लागून दोन सेकंदही झालेली नसतात आणि आपण त्यात एक गोष्ट घातलेली असते.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण चित्रातली माणसं आपण बहुतेक वेळा चेहऱ्यावरून वाचतो. आपल्याला तशी सवयच आहे. दिवसभरात आपण कितीतरी पिवळे गोल चेहरे एकमेकांना पाठवतो. हसणारा, डोळ्यांत पाणी आणणारा, हसून हसून रडणारा. प्रत्येक भावनेला एक चेहरा आणि प्रत्येक चेहऱ्याला एक भावना, असा हिशोब डोक्यात पक्का बसलेला असतो. कोलवित्झच्या चित्रांपुढे हा हिशोब चालत नाही. तिच्या कितीतरी चित्रांतल्या बायका चेहरा लपवतात. हातांनी झाकतात, मुलांच्या अंगात खुपसतात, नवऱ्याच्या खांद्यात बुडवतात. मग ‘तिला काय वाटतंय?’ हा प्रश्न बाजूला ठेवून दुसरा विचारावा लागतो: ती काय करतेय? वजन कुठे आहे? कुणी कुणाला धरलंय? कुठला स्नायू ताणलाय?

या प्रश्नांची उत्तरं चित्रात असतात. पहिल्या प्रश्नाचं असतंच असं नाही.

कोलवित्झची एक जुनी मैत्रीण होती, बेआटे बोनुस-येप. प्रदर्शनात हे चित्र अचानक समोर आलं तेव्हा ती हादरली. केटेच्या धाकट्या मुलाला, पेटरला, काही झालं तर नाही ना, असं तिच्या मनात आलं. नाहीतर इतकं भयंकर काही ही कशी काढेल? त्या बाईत तिला एखादं जनावर दिसलं. आपल्याच पोटातून आलेला जीव श्वासाने, ओठांनी पुन्हा आत ओढून घ्यायला धडपडणारं जनावर.

पण पेटर ठणठणीत होता. इतकंच नाही, तर चित्रातलं मूल तोच होता.

कोलवित्झने हे नंतर एका पत्रात सांगितलंय. पेटर तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला हातावर घेऊन ती आरशासमोर बसायची आणि आरशात बघून स्वतःला काढायची. सात वर्षांचं मूल एका जागी तसं धरून ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने झोपलेलं पोर गाडीतून उतरवून जिना चढून घरात नेलंय त्याला विचारा. ताण असह्य झाला की ती कण्हायची. आणि तो कुशीतला ‘मेलेला’ मुलगा तिची समजूत काढायचा. आईने गप्प राहावं, चित्र खूप सुंदर होणार आहे, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणायचा.

हे वाचल्यावर मी चित्र पुन्हा उघडलं तेव्हा ते बदललेलं होतं. रेघा त्याच होत्या. पण ज्याला मी दुःख म्हणत होतो त्यात आता आणखी एक गोष्ट दिसत होती, ती म्हणजे श्रम. ते कण्हणं खरं होतं, दंडात आलेला पीळ खरा होता. जिवंत मुलाचं वजन सांभाळताना शरीराचं जे होतं ते तिने आरशात पाहिलं आणि पत्र्यावर उतरवलं. शोकाला ती कुठून सुरुवात करते? वजनापासून. म्हणून तर ही बाई आपल्याला खोटी वाटत नाही. दुःखाचा अभिनय करणारा माणूस चेहरा वेडावाकडा करतो. ही काही दाखवत नाही, फक्त धरून बसलीय.

अर्थात चित्र फक्त स्नायूंचं नाही. कोलवित्झचा नवरा कार्ल डॉक्टर होता. बर्लिनच्या उत्तरेकडच्या कामगार वस्तीत त्याचा दवाखाना होता आणि तिथेच त्यांचं घर. लहान मुलं दगावणं त्या वस्तीला नवीन नव्हतं. दवाखान्यात येणाऱ्या बायका तिच्याशी बोलत, त्यांची दुःखं तिला ठाऊक होती. तिची स्वतःची दोन मुलं, हान्स आणि पेटर, घरात खेळत होती. हातातलं मूल जिवंत आहे आणि तरी ते नसलं तर काय, हा विचार मनात येतो. असा विचार कुठल्या आईबापाला येत नाही? आपल्याकडे तो तोंडाने बोलत नाहीत. बोललंच कुणी, तर पटकन ‘वाईट बोलू नये’ म्हणून जीभ चावतात. तिने तो बोलला नाही, काढला.

१९१४ साली युद्ध सुरू झालं. पेटर अठरा वर्षांचा होता आणि त्याला स्वयंसेवक म्हणून सैन्यात जायचं होतं. त्याच्या वयामुळे वडिलांची परवानगी लागणार होती. कार्ल तयार नव्हता. केटेने मुलाची बाजू घेतली आणि नवऱ्याला राजी केलं. ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या आघाडीवर पेटर मारला गेला.

इथे एक मोह होतो. १९०३ चं चित्र आणि १९१४ चा मृत्यू यांना धाग्याने जोडायचं आणि म्हणायचं, बघा, तिला आधीच कळलं होतं. इंटरनेटवर अशा गोष्टी झकास चालतात. मला मात्र हे वाचन चित्रावर अन्याय करणारं वाटतं. भविष्यवाणी म्हटलं की चित्र १९१४ च्या बातमीची जाहिरात होऊन बसतं. मग त्या आरशासमोरच्या बैठका, ते कण्हणं, आईची समजूत काढणारा तो पोरगा, यांचं काही महत्त्वच उरत नाही. आणि पुढे काय होणार हे आपल्याला माहीत आहे म्हणून आपण तिच्यापेक्षा शहाणे ठरतो. ते चित्र करणाऱ्या बाईजवळ १९०३ साली एक जिवंत मूल होतं आणि एक भीती होती. त्या दोन गोष्टी चित्राला पुरेशा आहेत.

पण पेटर गेल्यानंतर ती जे करत राहिली, त्यात या जुन्या चित्रातलं काहीतरी टिकून राहिलं. चेहरा नव्हे, मिठी.

१९१४ च्या डिसेंबरमध्येच तिने त्याच्या स्मारकाचा विचार सुरू केला. पहिल्या कल्पनेत पेटर स्वतः होता. आडवा पडलेला, उशाशी बाप, पायाशी आई. वर्षानुवर्षं ती त्यावर काम करत राहिली, मोडत राहिली, सोडून देत राहिली. शेवटी १९३२ साली, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षांनी, बेल्जियममधल्या पेटरच्या दफनभूमीत दगडाची दोन शिल्पं उभी राहिली. आता ती व्लाड्स्लो इथल्या दफनभूमीत आहेत. गुडघे टेकलेला बाप आणि गुडघे टेकलेली आई. त्यांना तिने कार्लचा आणि स्वतःचा चेहरामोहरा दिलाय. दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, मध्ये मोकळी जागा. मुलगा नाही. तो या सगळ्या वर्षांत कधीतरी शिल्पातून गळून गेला.

बापाचे हात बघा. ते त्याने छातीवरून स्वतःभोवतीच आवळून घेतलेत. पाठ ताठ, नजर समोर. चेहऱ्यावर म्हणावं तर काहीच नाही. पण हातांची ती पकड मी आधी पाहिली होती. १९०३ च्या चित्रात तीच पकड आहे, फक्त तिथे तिच्या आत मूल आहे. इथे मूल नाही आणि पकड सुटत नाही.

असे हात मी घरीही पाहिलेले आहेत.

मी सोळा वर्षांचा असताना मधले काका गेले. अचानक. गावच्या घरी सोप्यात त्यांना ठेवलं होतं. आजी त्यांच्या पायाशी बसली होती आणि तिने त्यांचा उजवा घोटा हातात धरला होता. ती रडली नाही. अख्खं घर रडत होतं, काकूला दोघीतिघींनी धरून ठेवलं होतं, आणि आजी कोरड्या डोळ्यांनी उंबऱ्याकडे बघत होती. शेजारच्या बायका तिच्याजवळ जाऊन सांगत होत्या, “आक्का, रडा की ओ. मन मोकळं करा.” मग आपापसात, “रडवा गं त्यांना, नाहीतर छातीत गाठ बसंल.” काळजी खरी होती. पण दुपारनंतर तिचा सूर बदलला. “दगडाचं काळीज म्हातारीचं.” “पोटचा पोर गेला, टिपूस नाही डोळ्यात.” हे काकूच्या कानावर गेलं, आणि पुढे काही वर्षं दोघींच्या मधे ते वाक्य येऊन बसायचं.

तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा घोटा धरलेली आजीची बोटं एकेक करून सोडवावी लागली. माझ्या वडिलांनी सोडवली. त्यानंतरचे कितीतरी दिवस ती भिंतीला टेकून बसायची आणि उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरून ठेवायची. चहाचा कप पुढे केला तर मनगट सोडायची, चहा प्यायची, कप खाली ठेवायची आणि पुन्हा धरायची. त्या मनगटावर बोटांचे वळ दिसायचे. बायका तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलत होत्या. मनगटाकडे कुणी बघितलं असतं तर ‘दगड’ हा शब्द कुणाच्या तोंडी आला असता असं मला वाटत नाही.

माझ्या आजीची कोलवित्झच्या चित्राशी तुलना करून मला आजीला थोर करायचं नाही. ती जमिनीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी तीस वर्षं न बोललेली बाई होती. मला एवढंच म्हणायचंय की चेहऱ्यावर भावना नाही म्हणजे माणसात भावना नाही, ही समजूत चित्र बघतानाही आडवी येते आणि माणूस बघतानाही. चित्रात त्याने फार बिघडत नाही. घरात बिघडतं.

कोलवित्झला हे लहानपणापासून माहीत होतं असं तिच्या आठवणी वाचताना वाटतं. तिचा सगळ्यात धाकटा भाऊ, बेन्यामिन, अगदी लहान असताना मेंदूज्वराने गेला. त्याच्या आजारातला एक प्रसंग तिने लिहून ठेवलाय. सगळे जेवायला बसले होते, आई सूप वाढत होती. तेवढ्यात मुलाला सांभाळणारी म्हातारी दार उघडून ओरडली, की त्याला पुन्हा उलटी होतेय. आई ताठ झाली, आणि मग पुढे वाढत राहिली. मुलांसमोर आई रडणार नाही, आणि तरी तिला किती होतंय, हे त्या छोट्या मुलीला आत लख्ख समजलं होतं. कशावरून समजलं? चेहऱ्यावरून नसावं. पळीवरून, ताठ झालेल्या पाठीवरून, त्या क्षणभर थांबण्यावरून असावं. पुढे ही मुलगी माणसं काढायला लागली तेव्हा ती पाठी आणि हात काढत राहिली, याचं मला नवल वाटत नाही.

पण एक शंका उरते. चेहरा नाही, नाव नाही, तर मग या आकृतीत कुणीही काहीही भरू शकतं का? मी माझी आजी भरली, उद्या दुसरा कुणी दुसरं काही भरेल. याला अर्थ लावणं म्हणायचं की आपलं ओझं दुसऱ्याच्या चित्रावर टाकणं?

याचं उत्तर मला लू शुन या चिनी लेखकाकडे सापडतं. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलवित्झने युद्धावर सात वुडकट केले. त्यातल्या एकाचं नाव ‘बलिदान’. नग्न बाई, भोवती काळा झगा, आणि दोन्ही हातांवर पुढे धरलेलं तान्हं मूल. ती मूल देतेय की वाचवतेय हे हातांवरून नक्की ठरवता येत नाही. पेटरला जाऊ देणाऱ्या बाईचंच ते चित्र आहे. १९३१ च्या फेब्रुवारीत रौ शी नावाच्या तरुण लेखकाला शांघायमध्ये सरकारने गोळ्या घालून मारलं. तो लू शुनच्या जवळचा. त्याच्यावर उघडपणे मृत्युलेख लिहिणं धोक्याचं होतं. लू शुनने एका नव्या मासिकात कोलवित्झचं ‘बलिदान’ छापायला दिलं. दोन वर्षांनी त्याने त्यामागचं कारण लिहिलं: ते चित्र त्याच्या मनात रौ शीची आठवण म्हणून होतं. रौ शीची आई आंधळी होती. मुलगा गेल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो शांघायमध्येच भाषांतरं करतोय, मुद्रितं तपासतोय, अशीच तिची समजूत होती.

जर्मन बाईने आपल्या मुलासाठी काढलेलं चित्र, चीनमधल्या एका आईसाठी छापलं गेलं, आणि ती आई ते पाहूही शकणार नव्हती. लू शुनने चित्रात काही घुसडलं का? मला वाटत नाही. हातांवर मूल पुढे धरलेली बाई तिथे होतीच. त्याने फक्त ते हात आणखी कुणाचे आहेत हे सांगितलं. काहीही भरणं आणि हे, यात फरक एवढाच की त्याने आधी चित्रातल्या शरीराचं ऐकलं.

आपल्या देशातल्या एका चित्रकाराने याच्या उलट वाट धरली, तीही मला तितकीच पटते. १९४३ च्या दुष्काळात चित्तप्रसाद बंगालमधल्या मिदनापूर भागात फिरले आणि उपाशी माणसांची काळ्या शाईत रेखाटनं केली. चित्तप्रसाद पुढे कित्येक वर्षं मुंबईत अंधेरीला राहत होते. ही रेखाटनं ‘हंग्री बेंगाल’ या पुस्तिकेत आली तेव्हा ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्तप्रसाद अनेक रेखाटनांवर त्या माणसाचं नाव, गाव लिहीत. बरगड्या मोजता येतील असं अंग, आणि शेजारी नाव. कोलवित्झने ‘बाई’ म्हटलं, म्हणून कुणाचीही आई त्या चित्रात येऊन बसू शकते. चित्तप्रसादांनी नाव लिहिलं, म्हणून ‘असे लाखो मेले’ म्हणून आपल्याला पुढे सरकता येत नाही. दोघांनीही शरीर खोटं काढलं नाही. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

कोलवित्झच्या अगदी शेवटच्या कामांपैकी एक लिथोग्राफ आहे. १९४१-४२ च्या हिवाळ्यातला. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, कार्ल गेला होता, नाझी सरकारने तिला अकादमीतून कधीच बाहेर काढलं होतं. शीर्षकाचा अर्थ आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही: पेरणीसाठी राखलेलं बियाणं दळायचं नसतं. चित्रात एक वयस्क बाई आहे. तिने हात फाकवून आपल्या झग्याखाली तीन पोरांना घेतलंय. पुन्हा तेच जाड, ताकदवान हात. पुन्हा तीच पकड. ते झालं आणि त्याच वर्षी तिचा नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचंही नाव पेटर होतं.

इथेही भविष्यवाणी म्हणायचा मोह होईल. त्याऐवजी हे चित्र फोनवर उघडा आणि बाईच्या हातांखाली झूम करा. पोरं घाबरलेली नाहीत. त्यांना बाहेर काय चाललंय ते बघायचंय. झग्याच्या कडेखालून त्यांची डोकी बाहेर येतायत, आणि एकाच्या डोळ्यांत तर चक्क मजा आहे. हात आत ओढतायत आणि पोरं बाहेर निघतायत. बाईच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्यानंतर बघा.